एक्सटर्नली कनेक्टेबल: चार महिने वापरून

एक्सटर्नली कनेक्टेबल म्हणजे वेब पानाला ब्राउझरमधल्या प्लगइनशी थेट बोलू देणारी क्रोममधली सोय. तिला पाचपैकी चार तारे. पाचवा माझ्या एका वाया गेलेल्या शनिवारपायी गेला, आणि चूक माझीच होती.

वाचताना आवडलेल्या ओळी जपून ठेवणारं एक छोटं प्लगइन मी लिहिलंय. त्या ओळी माझ्या वेब पानावर दिसायला हव्या होत्या. आधी जुनीच पद्धत होती: पानाने पोस्टमेसेज करायचा, म्हणजे पानातच निरोप सोडायचा, कन्टेन्ट स्क्रिप्टने (प्लगइनचा पानात चालणारा कोड) तो उचलून सर्व्हिस वर्करला (प्लगइनचा पडद्यामागे चालणारा कोड) द्यायचा, उत्तर त्याच वाटेने मागे. चालायचं, पण कारभार भर चौकात हाका मारण्याचा. पानावरची कुठलीही स्क्रिप्ट ऐकणार, वर खोटी हाकही मारणार. माझाच निरोप मलाच परत ऐकू यायचा, म्हणून प्रत्येकावर ‘पानाकडून’, ‘प्लगइनकडून’ अशी चिठ्ठी डकवावी लागली.

आता मॅनिफेस्टमध्ये (प्लगइनची माहिती सांगणारी फाइल) एक्सटर्नली कनेक्टेबलखाली माझ्या साइटचा पत्ता लिहिला, आणि पान थेट प्लगइनचा 32 अक्षरी आयडी देऊन सेंडमेसेज करतं. मधला दलाल गेला. निरोप कुठल्या पत्त्यावरून आला हे ब्राउझरच सांगतो. पानाला त्यात थाप मारता येत नाही. एवढ्यासाठीच मी हे पुन्हा निवडेन.

आता तो शनिवार. पानाला उत्तरच येईना; कन्सोल (ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी) म्हणे, उत्तराआधीच पोर्ट, म्हणजे निरोपाची वाट, बंद झालं. सर्व्हिस वर्कर 30 सेकंद रिकामा बसला की झोपतो, म्हणून दुपारभर त्यालाच बोल लावला. बिचारा निरोप आला की जागा होत होता! ‘रिटर्न ट्रू’ (उत्तर नंतर येतंय, ही खूण) मी लिहिलं होतं, पण स्टोरेजच्या कॉलबॅकच्या आत, म्हणजे साठवलेल्या ओळी हाती आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये. ते हवं लिसनरच्या, म्हणजे निरोप ऐकणाऱ्या फंक्शनच्या, शेवटी, तरच उत्तर येईपर्यंत वाट उघडी राहते. एक ओळ दोन कंसांखाली सरकवली आणि यादी आली. आली ती रिकामी, कारण मी मॅप (नाव-किंमत जोड्यांचा साठा) पाठवला होता आणि निरोप जेसन, म्हणजे साधा मजकूर, होऊन जातो; त्यात मॅपमधलं काही उरत नाही. साधा अ‍ॅरे, म्हणजे सरळ यादी, केला, मिटलं.

फायरफॉक्समध्ये ही सोय नाही, त्यामुळे चौकातल्या हाका तिथे अजून चालू आहेत. आणि क्रोममध्ये प्लगइन नसेल तर पानाला क्रोम.रनटाइम (ज्यातून सेंडमेसेज करायचं ते) बहुधा सापडतच नाही. ते आहे का हे आधी तपासा, नाहीतर बटण दाबताच एरर.