कीलमध्ये शिसं आहे म्हणाला, निघालं सिमेंट. गोव्यात शिडाची होडी बांधून घेणाऱ्यांनी वाचा

फेब्रुवारीत दोना पावलासमोर माझा १४ वर्षांचा मुलगा आणि मी होडीसकट पाण्यात आडवे झालो. दोघांच्या अंगावर लाइफ जॅकेट होती आणि जवळच एक मच्छीमार होडी होती म्हणून वाचलो. आता सगळं सांगतो, कारण ती होडी बांधणारा माणूस अजून ऑर्डरी घेतोय असं ऐकलंय.

आम्ही म्हापशाला राहतो, घर नदीकाठी नाही, आणि पावसाळ्यात एवढी छोटी होडी पाण्यात ठेवायची म्हणजे गमावायची. म्हणून ट्रेलरवर घालून बोलेरोच्या मागे ओढता येईल अशी पाहिजे होती, १७ फूट लांब, ७ फूट रुंद, डोलकाठी बुडाशी बिजागरीवर आडवी होणारी आणि कील, म्हणजे होडीच्या तळाखाली पाण्यात उतरणारं जड पातं, विंचने वर ओढून पोटात घेता येणारी. अशा होडीचा सगळा जीव त्या कीलमध्ये असतो. ओढायला सोपी म्हणून होडी हलकी ठेवायची, पण शीड तर वाऱ्यात तिला ढकलणारच, मग तिला परत उभं करायला थोडंच वजन पण अगदी खाली, खोल पाण्यात पाहिजे. त्यासाठी शिसं वापरतात, एका लिटरच्या जागेत ११ किलोच्या वर बसतं.

बांधणारा मला दादा दादा म्हणायचा. बोलायला एकदम गोड. दिवाडी बेटावर बांधलेली ५६ फुटी शिडाची होडी म्हादेई, जिच्यातून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तिच्या कामावर आपण होतो असं सांगितलं आणि मी ते कुणालाच विचारून बघितलं नाही. म्हादेईचं नाव निघालं की गोव्यात आपली मान ताठ होते, त्याने नेमका तिथेच हात घातला. प्लॅन दाखवला तर खालचा कोपरा, जिथे डिझाइन करणाऱ्याचं नाव आणि वजनाचा तक्ता असतो, तो कापलेला. विचारलं तर म्हणाला दादा झेरॉक्सला आला नाही. कोटेशनमध्ये मात्र स्वच्छ लिहिलेलं, कील १४० किलो, ६ मिमीच्या पत्र्याची पेटी आणि आत १० लिटर शिसं. एकूण ३ लाख ८० हजार ठरले, त्यातले २ लाख ६० हजार पेटी बंद व्हायच्या आधीच गेले होते. शिसं ओततो त्या दिवशी बोलव म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. बोलावलंच नाही, एकदम रंग मारलेली वेल्डबंद पेटीच समोर ठेवली.

होडी पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा रंगाची रेघ, जिथपर्यंत होडी बुडायला पाहिजे ती खूण, पाण्याच्या बोटभर वर राहिली आणि आम्ही सगळे खूश, काय हलकी बांधलीय बघा! माझे मामा जुने तांडेल, होडी चालवणारे, ते गप्प होते, नंतर एवढंच म्हणाले "रेघ वर का रे?" तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. हिशोब सोपाय, १७ फुटी होडी पाण्याच्या पातळीवर जेवढी जागा व्यापते ती साधारण ५ चौरस मीटर, म्हणजे एक सेंटीमीटर बुडायला ५० किलो लागतात, दीड-पावणेदोन सेंटीमीटर वर राहिली म्हणजे ८०-९० किलो कुठेतरी गायब आहे.

चौथ्या वेळी दुपारी तीनच्या सुमारास वायव्येकडचा वारा वाढला, झुवारी नदीच्या तोंडाशी असतो तसाच, फार काही नाही. एक झोत आला, होडी कलली, मी शिडाची दोरी सोडली तरी कलतच गेली आणि आडवी पडून राहिली. कील खाली असलेली होडी स्वतःहून उठायला पाहिजे. ती उठली नाही, कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या खोलगट जागेत, पाणी भरलं.

घरी आणून कील काढली आणि भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. ५४ किलो! मामांनी ड्रिल मारलं, आधी पत्र्याचा चुरा आला आणि मग करडी पावडर, सिमेंट. शिसं असतं तर ड्रिलला मऊ चकचकीत शेव आली असती. लिटरला काँक्रीट जेमतेम २.४ किलो, आणि पाण्यात बुडाल्यावर पाण्याचं वजन वजा केलं की शिशाचे १० उरतात आणि काँक्रीटचे दीडसुद्धा नाही. म्हणजे पेटी तेवढीच आणि पाण्याखाली आतला माल सातपट कमजोर, पैशाची चोरी एकवेळ सोडा हो, माझ्या पोराच्या जिवाशी खेळला तो. फोन केला तर म्हणाला दादा शिसं महाग झालं होतं, सांगणारच होतो. त्यानंतर नंबर बंद.

ग्राहक आयोगात तक्रार दिलीय. कोटेशन आणि यूपीआयच्या नोंदी आहेत म्हणून निदान उभं राहता आलं, रोख दिलेल्या ७० हजारांची पावती नाही, ते बहुतेक गेलेच.

तुम्ही बांधून घेणार असाल तर वजनाचा तक्ता असलेला पूर्ण प्लॅन हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका, शिसं ओतताना तिथे स्वतः उभे राहा, आणि कील होडीला लावायच्या आधी काट्यावर घाला, भंगारवाला पन्नास रुपयांत करून देतो. आणि शेवटचा हप्ता होडी धक्क्याला बांधून, कील खाली सोडून आणि लॉक करून, आत कोणी नसताना डोलकाठीचं टोक दोरीने पाण्यापर्यंत ओढून बघितल्यावरच. दोरी सोडली की ती उठली पाहिजे.

मामांनी पेटी फोडून सिमेंट काढलं, आम्ही जुनं शिसं विकत घेऊन वितळवून भरलं, मास्क लावून उघड्यावर, मुलांना लांब ठेवून. काट्यावर १४२ भरली. गेल्या रविवारी डोलकाठी पाण्याला टेकवून सोडली, तिसऱ्या सेकंदाला होडी उभी. मुलगा धक्क्यावरून बघत होता, पण अजून आत बसायला तयार नाही.