गोठा ‘आउटहाउस’ म्हणून गळ्यात मारला, सावध राहा

कोकणात गावठाणातलं जुनं घर बघणाऱ्यांसाठी लिहितोय. लिहायलाही लाज वाटते, पण तो एजंट अजून उजळ माथ्याने फिरतोय.

घराचे २५ लाख ठरले. परसातल्या ‘आउटहाउस’चे वेगळे: ४०० चौरस फूट, १,६०० चा दर, ६,४०,००० रुपये. ते दस्तात न घालता ५०० च्या स्टँपवर ‘सुधारणा करारनामा’. मुद्रांक शुल्क वाचवायची ही पद्धत तुम्हाला माहीत आहेच. किंमत काढून देणारा व्हॅल्युअरही एजंटनेच आणला, त्याचे १२,००० निराळे. रिपोर्टात लिहिलं: आरसीसी, निवासी, स्थिती उत्तम.

तो गोठा होता! चिरा-मातीच्या भिंती, वर पत्रा. पत्रा झाकायला पीओपीचं छत, खाली चकचकीत टाइल्स. बघायला गेलो त्या दिवशी बायकोच्या हातून तांब्या कलंडला, तर पाणी थेट कोपऱ्यातल्या भोकाकडे धावलं. तिने विचारलंसुद्धा, “खोलीला एवढा उतार कशाला?” एजंट म्हणाला, “वहिनी, कोकणातला पाऊस आहे, पाणी तुंबायला नको.” बंद खोलीत पाऊस कुठून येणार? गुरांचं मूत वाहून जायला केलेला उतार होता तो. भिंतीत दावं बांधायची कडी होती, तिला त्याने मनीप्लँटची कुंडी अडकवलेली. मी वर “छान दिसतंय” म्हणालो. पण चाळीत वाढलेल्या माणसाला दावणीची कडी काय कळणार? रिपोर्टवर सही-शिक्का असताना भिंती कोण उकरून बघतो?

बँकेने कर्ज कमी मंजूर केलं. त्यांच्या मूल्यांकनात परसातल्या बांधकामाची किंमत शून्य होती, कारण परवानगीच नाही. एजंट म्हणे, बँका नेहमीच कमी धरतात. बँकेच्या मूल्यांकनाची प्रत मागा, देत नसतील तर भांडून घ्या. आणि एजंटने आणलेला व्हॅल्युअर दारातूनच परत पाठवा.

खरेदीनंतर ग्रामपंचायतीतून नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा, काढला. बांधकाम कशाचं, किती जुनं, वापर कसला, यावर घरपट्टी बसते, म्हणून तिथे सगळं सरळ लिहिलेलं: घर वेगळं, ‘गोठा, दगड-मातीचा’ वेगळा. हा उतारा इसार देण्याआधी काढा. त्यावर नाव चढलं म्हणून मालकी मिळाली असंही धरू नका. ती कराची वही आहे. हद्द मोजणीतच कळते. माझ्या मोजणीत अर्धा गोठा शेजाऱ्याच्या जागेत निघाला.

मग सुरू झाले सरकारी उंबरठे. ग्रामपंचायत म्हणते, आम्ही कर लावतो, व्यवहाराशी आमचा संबंध नाही. दुय्यम निबंधकांकडे उत्तर, आम्ही दस्त नोंदवतो, मालकी तपासत नाही. पोलीस म्हणतात, दिवाणी मॅटर आहे, वकील गाठा. महारेरा नोंदणीकृत प्रकल्पांचं बघतं, जुनं घर त्यात बसत नाही. करारनाम्यात ‘आउटहाउस’ हा शब्दच नाही, ‘परसातील बांधकाम, जसे आहे तसे’ एवढंच, त्यामुळे वकीलही मान हलवतात. म्हणजे खोटा रिपोर्ट देणारा, त्यावर गोठा विकणारा, दोघेही सुटले आणि दारोदार अर्ज घेऊन फिरायचं मी? एका साहेबांनी तर हसत विचारलं, “गोठा ओळखता आला नाही होय तुम्हाला?” पगार कशाचा घेता, हे विचारायचं तोंडावर आलं होतं, गिळलं.

गेल्या आठवड्यात घरपट्टीचं बिल आलं. गोठ्याचे २१४ रुपये वेगळे, माझ्या नावावर. थकवले तर नोटीस मात्र याच ऑफिसातून वेळेवर येईल.