लातूर भागातली सोयाबीन हमीभाव खरेदी: भाव चांगला, वेग नाही

औसा, रेणापूर, चाकूर, निलंगा इथला बाजार सोयाबीनच्या पट्टीवर (माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबावर) चालतो. भाव पडला की लातूरच्या कापड दुकानांतही शुकशुकाट. 2024-25चा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता, 2025-26चा 5328. बाजारभाव बराच खाली असला की सरकारी खरेदी केंद्रावर मिळणारा फरक मोठाच.

पण घोडं अडतं ओलाव्यावर. मर्यादा 12 टक्के. (2024-25च्या हंगामापुरती नोव्हेंबर 2024मध्ये ती 15 केली, तोवर अनेकांचा माल आडतीवर, म्हणजे बाजारातल्या दलालाकडे, गेलेला!) 15 टक्क्यांचा क्विंटल 12 वर वाळवला तर वजन साधारण 3 किलो 400 ग्रॅम घटतं. हमीभावापुढे ती घट परवडते. मळणीनंतर ताडपत्रीवर पातळ पसरा, दिवसातून दोन-तीनदा हलवा, संध्याकाळी झाका. नाहीतर दव सगळं पाण्यात घालवतं. माती-काडीकचरा 2 टक्क्यांच्या आत हवा, म्हणून चाळणी घरीच मारा.

नोंदणीला आधार, बँक पासबुक आणि पिकाची नोंद असलेला सातबारा लागतो. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकाची नोंद) राहिली की तिथंच गाडी अडते. 2024-25मध्ये बारदाना (माल भरायची पोती) संपल्याने वजनकाटे थांबले होते, ही व्यवस्थेची सर्वांत लाजिरवाणी बाजू. पैसे थेट खात्यात येतात, पण आडतीसारखे लगेच नाहीत. रब्बीच्या बियाण्यापुरता थोडा माल आडतीवर विकावा, उरलेला केंद्रावर न्यावा.