जेडमॅच: दीड वर्ष वापरल्यावर

साठीला इतरांना शाल-श्रीफळ मिळतं, मला मुलाने डीएनए टेस्टचं किट दिलं. नळीत थुंकून पाठवलं, दीड महिन्याने निकाल: "दक्षिण आशियाई". एवढ्यासाठी डॉलर कशाला, घरात आरसा होताच. मग मुलगाच म्हणाला, कच्ची फाइल उतरवून घ्या आणि जेडमॅच या डीएनए ताडून नातेवाईक शोधणाऱ्या साइटवर टाका. नोटपॅडमध्ये उघडली तर सहा लाखांवर ओळी, प्रत्येकीच्या शेवटी डीएनएची अक्षरं: एए, जीजी, सीटी.

कर्टिस रॉजर्स आणि जॉन ओल्सन या दोघांनी 2010 साली हे सुरू केलं. टेस्ट कुठल्याही कंपनीची असो, फाइल टाकली की बाकीच्यांशी ताडून मिळते. साधा वापर फुकट. यादीत समोरच्याचं नाव किंवा टोपणनाव, ईमेल आणि किती सेंटिमॉर्गन (जुळणारा डीएनए मोजायचं माप) जुळतात तो आकडा. सख्ख्या भावंडांत तो अडीच हजारांच्या आसपास असतो. माझ्या यादीत पंधरा-वीसवाल्यांचीच गर्दी. आपली माणसं तिथे थोडी, त्यात पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं, म्हणून बारीकसारीक तुकडे कुणाशीही जुळतात. त्यावरून खापरपणजोबा शोधायला निघू नका, त्यापेक्षा कुलवृत्तांत बरा.

एक बटण मात्र झकास: "तुमचे आई-वडील नात्यातले आहेत का?" इथे अमेरिकेतले लोक ते घाबरत दाबत असतील. माझे आई-वडील आते-मामे भावंडं. दाबलं, "हो" आलं. तेव्हा कुठे माझा विश्वास बसला.

आता मुद्द्याचं. फाइल टाकताना विचारतात, पोलिसांना जुळवणी करू द्यायची का? एफबीआयच्या कोडिस या गुन्हे-तपासाच्या डेटाबेसमध्ये डीएनएवरच्या फक्त 20 ठरावीक जागा तपासतात, त्यामुळे बहुतेक वेळा ज्याचा नमुना आधीच आत आहे तोच सापडतो. इथे लाखो जागा असल्याने लांबचे चुलत-मावस भाऊही हाती लागतात. कॅलिफोर्नियातला "गोल्डन स्टेट किलर" म्हणून कुख्यात खुनी असाच, नातेवाइकांवरून माग काढत एप्रिल 2018 मध्ये सापडला. गुन्हे सत्तर-ऐंशीच्या दशकातले, आरोपी 72 वर्षांचा. 2019 च्या मे महिन्यापासून "हो" म्हणणाऱ्यांचीच फाइल गुन्ह्यांच्या तपासासाठी उघडते. त्याच डिसेंबरात ही साइट व्हेरोजेन या फॉरेन्सिक कंपनीने घेतली, 2023 पासून मालक कियाजेन. आणि जुलै 2020 मध्ये हॅकिंग झालं तेव्हा काही तास "नाही"वाल्यांच्या फाइलीसुद्धा पोलिसांच्या जुळवणीला उघड्या पडल्या होत्या. म्हणजे "नाही" ही कडी आहे, कुलूप नव्हे.

मी खुशाल "हो" केलं होतं. आपण काय कुणाचा खून केलाय! दिवाळीत मिरजेला धाकट्या भावाला फोनवर कौतुकाने सांगितलं. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "अण्णा, त्यात निम्मा माझा आहे. मला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. घरचा सातबारा असता तर त्याच्या सहीशिवाय पान हललं नसतं.

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेल्या दीडातला अर्धा यासाठी की सगळ्या प्रश्नांत घरच्यांना विचारलं का, हा एक प्रश्न नाही. सध्या फाइल "नाही"वर ठेवलीय. भावाची मुलगी ऑगस्टमध्ये टेक्सासला शिकायला येतेय. तिला जेवायला बोलावून विचारणार आहे, ती म्हणेल तसं.