पूर्वग्रहांवरील कार्यशाळा, रत्नागिरी : चाचणी उणी, ओळखीचे सत्र भक्कम

आंबा प्रक्रियेच्या ज्या कारखान्यात मी कर्मचारी विभाग सांभाळतो, तेथील पर्यवेक्षक, प्रयोगशाळेतील मंडळी आणि कार्यालयीन कर्मचारी अशा मिश्र गटासाठी आम्ही बाहेरगावच्या एका प्रशिक्षण संस्थेची दोन दिवसांची कार्यशाळा रत्नागिरीत आयोजित केली होती. एकत्र काम करताना आपल्या नकळत वागण्यात उतरणारे पूर्वग्रह आणि ज्याची त्याची स्वतःची ओळख, हा तिचा विषय. शुल्क माणशी साडेतीन हजार रुपये, दुपारचे जेवण धरून. आमच्याकडील लहान कारखान्यांच्या दृष्टीने ही रक्कम थोडी नाही, म्हणून तिच्या बदल्यात काय मिळाले ते तपशिलाने लिहीत आहे.

पहिल्या दिवसाचा मोठा भाग १९९८ साली मानसशास्त्रज्ञ ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या साहचर्य चाचणीने, म्हणजे मनात कोणत्या गोष्टी नकळत एकमेकींशी जोडलेल्या आहेत ते तपासणाऱ्या चाचणीने व्यापला. पडद्यावर माणसांची नावे आणि बरेवाईट शब्द एकामागून एक येतात, त्यांची दोन कळींच्या साहाय्याने झटपट विभागणी करायची असते आणि नाव आणि शब्द यांच्या कोणत्या जोडीपाशी बोट अडखळते ते मिलिसेकंदांत मोजून त्यावरून पूर्वग्रहाचा अंदाज बांधला जातो. कल्पना चतुर आहे, आणि या संशोधनातील एक अग्रगण्य नाव असलेल्या महजरीन बानाजी मूळच्या सिकंदराबादच्या, हे कळल्यावर गटातील औत्सुक्यही वाढले. मात्र आम्हाला दिलेल्या चाचणीतील शब्द इंग्रजी होते. ज्यांचे सारे शिक्षण मराठी माध्यमात झाले, त्यांचे बोट पूर्वग्रहामुळे अडखळले की इंग्रजी वाचताना, हे अशा चाचणीतून कसे समजावे? त्याहून खटकली ती पुढची गोष्ट : प्रत्येकाला ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘तीव्र’ असे शेरे सर्वांसमक्ष वाटण्यात आले. तीच व्यक्ती काही दिवसांनी पुन्हा बसली तर तिचा निकाल बराच बदलू शकतो, आणि एकेका माणसाचे निदान करण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे तिच्या कर्त्यांनीच बजावलेले आहे. सुमारे पाचशे अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. चाचणीतील गुण बदलले म्हणून वागणूकही बदलते, असा पुरावा त्यात आढळला नाही. प्रशिक्षकांनी यातले काहीही सांगितले नाही. तीव्र शेरा मिळालेले आमचे एक ज्येष्ठ पर्यवेक्षक जेवणापर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळचे ओळखीचे सत्र मात्र पैसे वसूल करणारे ठरले. आपण स्वतःला कोणकोणत्या गोष्टींनी ओळखतो त्या कागदावर लिहायच्या आणि कामाच्या ठिकाणी ज्या उच्चारायचे टाळतो त्यांच्यापुढे खूण करायची, एवढाच सोपा उपक्रम होता. कोकणात आडनावाच्या शेवटी ‘कर’ असले की गाव कळते, जात कळेलच असे नाही, कारण एकाच गावावरून पडलेले आडनाव अनेक समाजांत असते. त्यामुळे नव्या माणसाला गाव विचारून झाले की पाठोपाठ ‘वाडी कुठली?’ हा प्रश्न येतोच, आणि आमच्याकडच्या कितीतरी वाड्यांची नावे जातींवरून पडलेली असल्याने उत्तरात सगळे उघड होते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण चौकशी करणाऱ्याची सवय काही शासन निर्णयाने बदलत नाही. गटातील दोघांनी नेमक्या वाडीपुढेच खूण केली होती. प्रशिक्षकांना हा संदर्भ ठाऊक नव्हता. तरीही त्यांनी तयार आणलेल्या स्लाइड बाजूला ठेवून मंडळींना बोलू दिले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

मग एकेक गोष्ट पुढे आली. घरात पिढ्यान्‌पिढ्या कोकणी बोलीच बोलणाऱ्या एका मुस्लिम सहकाऱ्याशी गोदामातील लोक आजही हिंदीत बोलायला सुरुवात करतात. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, पण आपण इथलेच आहोत हे त्याला दररोज नव्याने सिद्ध करावे लागते. कोल्हापूरकडून आलेल्या अभियंत्याला ‘घाटी’ म्हणून चिडवणे सर्वांना गमतीचे वाटे, त्याला वाटत नसे. प्रयोगशाळेतील एकमेव स्त्री रसायनतज्ज्ञ बैठकीला आली की चहा सांगण्याचे काम न बोलता तिच्याकडे जात असे. या तिन्ही गोष्टी आमच्या तक्रारपेटीत कधी आल्या नव्हत्या, आणि येण्यासारख्या त्या नव्हत्याही.

जेवणानंतरचे कार्यपद्धतीचे सत्र उत्तम होते, पण त्याला जेमतेम दोन तास मिळाले. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील अभ्यासाने त्याची सुरुवात झाली : खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, केवळ नावांनी वेगळे अर्ज पाठवले असता सवर्ण नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या फेरीसाठी कमी बोलावणी आली. त्यावरून निघालेले उपाय साधे होते. पहिल्या चाळणीत अर्जावरील नाव आणि पत्ता झाकावा, मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, परीक्षकांनी आपसांत चर्चा करण्याआधी आपापले गुण लिहून ठेवावेत, बैठकीची नोंद पाळीपाळीने सर्वांनी घ्यावी. मन स्वच्छ करण्याच्या गप्पांपेक्षा मला हे अधिक भरवशाचे वाटते, कारण पूर्वग्रह असलेल्या माणसालाही पद्धत पाळावी लागते.

हंगामात फळे सोलणाऱ्या स्त्रिया आणि बागांची राखण करणारे नेपाळी कामगार यांच्यासाठी संस्थेकडे काय आहे, असे विचारले तेव्हा रचना फक्त ऑफिस स्टाफसाठी आहे, असे उत्तर मिळाले. कामाची वाटणी, बसण्याची जागा, हाक मारण्याची तऱ्हा यांचा फटका ज्यांना सर्वाधिक बसतो तेच वगळले, तर कार्यशाळेच्या नावात ‘सर्वसमावेशक’ हा शब्द कशासाठी? जेवणाबद्दल एवढेच की सोलकढी चांगली होती.

पाचपैकी तीन तारे. बोलावणार असाल तर चाचणी वगळून ओळख आणि कार्यपद्धती यांचा एकच दिवस मागा. आम्ही नंतर विचारले तेव्हा संस्था त्याला तयार होती आणि शुल्कही कमी सांगत होती. साहित्य मराठीत हवे, एकेकाचे निकाल चारचौघांत सांगायचे नाहीत, या दोन अटी आधीच लेखी घ्या. आणि तारीख एप्रिल-मेमधील देऊ नका, आंब्याच्या दिवसांत खुर्चीवर कोणी बसत नाही.