सोल्डरिंग स्टेशन काही महिने वापरल्यावर: खरी निगा बिटाची

सोल्डर, म्हणजे सहज वितळणारा कथिलाचा मिश्रधातू, वितळवून इलेक्ट्रॉनिक भाग जोडायच्या साध्या आयर्नवरून मी तापमान नियंत्रित करणाऱ्या स्टेशनवर आलो त्याला आता बरेच महिने झाले. माझं स्टेशन ९३६ धाटणीचं आहे. सिरॅमिक हीटर, त्यावर चढवायचं ९००एम मापाचं बिट (म्हणजे सोल्डर वितळवणारं धातूचं टोक), हलकं हँडल आणि पेटीवर तापमानाचा नॉब. ही रचना मुळात हाक्को या जपानी कंपनीची. आज कितीतरी कंपन्या त्याच मापाची स्टेशनं बनवतात, म्हणून बिटं सहज मिळतात. पेटीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. ती चालू केली की तापते आणि तापमान धरून ठेवते. लिहायचं आहे ते बिटाबद्दल, कारण स्टेशन चांगलं की वाईट यावरच्या निम्म्या तक्रारी मला आता बिटाच्या तक्रारी वाटतात.

पेटीसोबत आलं ते शंकूच्या आकाराचं, सुईसारखं टोकदार बिट. बहुतेक स्टेशनांसोबत तेच येतं आणि नाजूक कामाला तेच योग्य असा समज होतो. माझ्या अनुभवात ते सर्वांत कमी उपयोगाचं बिट आहे. उष्णता स्पर्शातून जाते आणि टोकदार बिट पॅडला (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला) जेमतेम एका बिंदूवर टेकतं. शिवाय वितळलेलं सोल्डर टोकावर थांबत नाही, शंकूवरून वर सरकतं. मग काम अडलं की हात नॉबकडे जातो, ३३० अंशांचे ३८० होतात, ३८० चे ४२०. पॅड उखडतात ते इथे, आणि बिट जळतं तेही इथेच.

२.४ मिलिमीटरचं छिन्नीसारखं चपटं बिट लावल्यावर नॉबला हात लावायची गरज जवळपास संपली. ग्राउंड प्लेनला, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या मोठ्या पत्र्याला, जोडलेला कपॅसिटरचा पाय घ्या. त्या पॅडमागचं तांबं सगळी उष्णता ओढून घेतं. शंकू बिटाने ३३० अंशांवर तिथे सोल्डर नुसतं चिकट होऊन बसायचं. त्याच ३३० अंशांवर ३.२ मिलिमीटरची छिन्नी लावली की दोन-तीन सेकंदांत सोल्डर वाहतं आणि पायाभोवती नीट पसरतं. रोजच्या कामाला २.४, जाड वायर आणि ग्राउंडला ३.२, ओळीने पिना असलेल्या आयसीला (चिपला) तिरकं कापलेलं बिट. एवढ्यावर माझं जवळजवळ सगळं भागतं. ०८०५ मापाचे, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे रेझिस्टरसुद्धा मी २.४ नेच लावतो. चाकूच्या आकाराचं बिट पुष्कळांना आवडतं. माझ्या हाताला ते बसलं नाही.

तापमानाचा हिशोबही सांगतो. ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथिल, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सियसला वितळतं. तरी आपण ३२० ते ३५० ठेवतो, कारण टेकवल्याबरोबर बोर्ड उष्णता खेचतो आणि जोड काही सेकंदांत व्हायला हवा. एसएसी३०५ हे शिसेविरहित सोल्डर साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं, त्यासाठी मी थोडं वर जातो. चारशेच्या वर मात्र मी नेहमीच्या कामाला जात नाही. तिथे फ्लक्स, म्हणजे धातूवरचा गंज काढून सोल्डर पसरू देणारं रसायन, आपलं काम करायच्या आधीच जळतो.

बिट का मरतं हे कळायला त्याची घडण माहीत हवी. आत तांबं असतं, कारण ते उष्णता झटकन वाहून नेतं. पण वितळलेल्या कथिलात तांबं विरघळतं, म्हणून त्यावर लोखंडाचा पातळ थर चढवलेला असतो. टोकामागच्या भागावर क्रोम असतं, म्हणजे सोल्डर तिकडे चढत नाही. लोखंडही कथिलात विरघळतं, फक्त फार सावकाश. सोल्डरमध्ये कथिल जितकं जास्त आणि तापमान जितकं चढं, तितकं ते लवकर झिजतं. म्हणूनच शिसेविरहित सोल्डर वापरणाऱ्यांची बिटं लवकर जातात. लोखंडाला एकदा भोक पडलं की आतलं तांबं भराभर पोखरलं जातं आणि त्यावर इलाज नाही. काळं पडलेलं बिट कानशीने किंवा सँडपेपरने घासणं म्हणजे तो थर आपल्या हाताने काढणं. जुन्या, नुसत्या तांब्याच्या बिटांना घासणं चालायचं. या बिटांना ते अजिबात चालत नाही.

काळेपणा हा दुसरा शत्रू, आणि तो जास्त वेळा भेटतो. गरम लोखंड उघडं राहिलं की गंजतं, त्यावर जळका फ्लक्स बसतो आणि सोल्डर थेंब होऊन घरंगळतं. उपाय एकच, टोकावर कायम कल्हई, म्हणजे सोल्डरचा पातळ थर, हवी. माझा क्रम आता पक्का झाला आहे. पुसायचं ते जोड करण्याआधी. जोड झाल्यावर न पुसता, आहे त्या सोल्डरसकट बिट स्टँडमध्ये ठेवायचं. बंद करताना तर टोकावर सढळ हाताने ताजं सोल्डर चढवायचं आणि ते तसंच गार होऊ द्यायचं. काम संपल्यावर स्वच्छ पुसून ठेवलेलं चकचकीत बिट दिसायला छान, पण पुढच्या वेळी तापताना तेच काळं पडतं.

पुसायला मी पितळी तारेचा गुंता वापरतो. पितळ लोखंडापेक्षा मऊ असल्याने थर ओरखडत नाही आणि बिट फारसं गारही होत नाही. स्पंज वाईट नाही, पण तो नीट पिळून फक्त ओलसर ठेवावा लागतो. चिंब स्पंजावर तीनशे अंशांचं बिट टेकवलं की बिटाला दर वेळी एकदम गार होण्याचा धक्का बसतो. भांडी घासायची स्टीलची तार मात्र जवळही आणू नये.

काळं पडलेलं बिट लगेच फेकू नका. तापमान २५० च्या आसपास आणा, राळेचा फ्लक्स पोटात असलेलं सोल्डर टोकावर वितळवा, पितळी तारेत फिरवा, पुन्हा सोल्डर लावा. चार-सहा फेऱ्यांत बहुतेक बिटं परत सोल्डर धरतात. नाहीच धरलं तर टिप टिनरची डबी काढावी. त्यात सोल्डरची पूड आणि सौम्य आम्लधर्मी रसायन असतं. गुण हमखास येतो, पण ते लोखंडालाही थोडं खातं. म्हणून टिनर औषधासारखाच वापरावा आणि लगेच पुसून साधं सोल्डर चढवावं. नळजोडणीचा झिंक क्लोराईडचा फ्लक्स या बिटांना आणि बोर्डालाही घातक आहे.

आता या रचनेच्या उणिवा. तापमानाचा सेन्सर हीटरमध्ये आहे, टोकात नाही. हीटर आणि बिट यांच्यामध्ये हवेची फट राहते. टोकाचं तापमान मोजणाऱ्या थर्मामीटरने मोजलं तेव्हा टोक नॉबवरच्या आकड्यापेक्षा थंड भरलं, आणि बारीक बिटात हा फरक रुंद बिटापेक्षा जास्त होता. पुढच्या बाजूला कॅलिब्रेशनचा, म्हणजे आकडा जुळवायचा, बारीक स्क्रू आहे, तो मी २.४ च्या बिटाला जुळवून ठेवला आहे. स्वस्त बिटांचं भोक सैल असतं, मग ही फट आणखी वाढते. पेटी साधी घेतली तरी बिटं चांगलीच घ्यावीत असं मी आग्रहाने सांगेन. टी१२ किंवा सी२४५ सारख्या कार्ट्रिज बिटांत, म्हणजे हीटरसकट एकसंध येणाऱ्या बिटांत, हीटर आणि सेन्सर टोकाजवळच असतात, त्यामुळे खेचलेली उष्णता ती फार लवकर भरून काढतात. मात्र बिट गेलं की हीटरही गेला.

बिटाच्या नळीत आतून काळी पूड साठते. मी अधूनमधून सगळं पूर्ण गार करून बिट काढतो, पूड झटकतो आणि नट फक्त बोटांनी आवळतो. सिरॅमिक हीटर काचेइतकाच ठिसूळ, म्हणून सोल्डर झटकायला आयर्न टेबलावर आपटायचं नाही. ही पूड वाढल्याचं मल्टीमीटरही सांगतं. प्लग भिंतीतून काढून, गार असताना अर्थच्या पिनेपासून टोकापर्यंतचा रोध मोजा. तो दोनेक ओहमच्या आत असावा. वाढला असेल तर आधी बिट आणि नळी साफ करा. संवेदनशील आयसीसाठी हे अर्थिंग महत्त्वाचं आहे.

धुराचं थोडक्यात सांगतो. या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. नाकात जातो तो राळेचा धूर, आणि त्याने दमा होऊ शकतो. लहानसा पंखा धूर आपल्यापासून दूर ओढेल असा ठेवावा. शिसं हाताला लागतं, म्हणून काम झालं की साबणाने हात धुवावेत.

मला या स्टेशनात खरोखर खुपतात त्या दोनच गोष्टी. पहिली, आयर्न स्टँडमध्ये ठेवल्यावर तापमान आपोआप खाली येत नाही. मी उठताना नॉब २०० वर आणतो, जास्त वेळ लागणार असेल तर बंदच करतो. परत तापायला फार वेळ लागत नाही. दुसरी, हँडलची वायर. ती कडक प्लॅस्टिकची आहे, बारीक काम करताना हात मागे ओढते आणि गरम बिट लागलं तर वितळते. आत पाच शिरा आहेत, दोन हीटरच्या, दोन सेन्सरच्या, एक अर्थची. तेवढ्याच शिरांची सिलिकॉनची वायर मी आणून ठेवली आहे. ती बदलताना अर्थची शीर पुन्हा नीट जोडली गेली का, हे त्याच मल्टीमीटरने तपासूनच हँडल बंद करणार आहे.