रबरी गतिरोधक: रावेर-यावलच्या रस्त्यांवर कितपत टिकतो?

गल्लीतल्या शाळेसमोर बसवायला रबरी गतिरोधक उत्तम. काम काही तासांत उरकतं. पण केळीचे भरलेले ट्रक जातात तिथे घेऊच नका. ट्रकने ब्रेक मारला की बोल्टांनी बसवलेला रबरी तुकडा पुढे ढकलला जातो, मे महिन्यात मऊ पडलेल्या डांबरात बोल्ट ढिले होतात आणि वर आलेलं बोल्टाचं डोकं दुचाकीचं टायर फाडतं. अशा रस्त्याला डांबरी उंचवटाच हवा: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं हे माप ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आहे.

रबरी बसवताना बोल्टासाठी रस्त्यात पाडलेल्या भोकातली धूळ फुंकून काढा, नाहीतर अँकर बोल्ट पकड घेत नाही. गटारीकडे फूटभर जागा सोडा, पाणी तुंबत नाही. पिवळे तुकडे धुळीने लवकर काळवंडतात, रिफ्लेक्टरवालेच मागा.